अकरा वर्षं न भरलेली फट: श्वासपटलाच्या जुन्या जखमेची दुर्बिणीतून दुरुस्ती

छातीत नळी घालायची तयारी झाली होती. ट्रे उघडलेला, डाव्या कुशीवरची जागा पुसून घेतलेली, भुलीचं इंजेक्शन सिरिंजमध्ये भरलेलं. एक्स-रेवर डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात हवेचा मोठा काळा फुगा होता आणि त्याच्या तळाशी पाण्याची सरळ आडवी रेघ. अशी रेघ दिसली की छातीत हवा आणि पाणी साठलंय, नळी घालून काढून टाका, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की हात आपोआप पुढे जातो.

निवासी डॉक्टर संमतिपत्रावर सही घेत होती. रुग्ण ४६ वर्षांचे, पलंगाच्या कडेला वाकून बसलेले. त्यांची पत्नी शेजारी उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या अपघाताचं सांगितलंत का यांना?"

"त्याचा काय संबंध? अकरा वर्षं झाली त्याला."

निवासी डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "ताई, कसला अपघात? सगळं सांगा मला."

संबंध होता, आणि फार जवळचा होता. तिने ट्रे झाकला आणि मला फोन केला. आम्ही नाकातून जठरात जाणारी बारीक नळी घातली आणि पुन्हा एक्स-रे काढला. नळी अन्ननलिकेतून नीट खाली उतरली होती, आणि मग वळून पुन्हा वर, डाव्या छातीत जाऊन वेटोळं करून बसली होती. एक्स-रेवरचा काळा फुगा म्हणजे श्वासपटलातल्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या घुमटासारख्या स्नायूच्या पडद्यातल्या, फटीतून छातीत शिरलेलं जठर होतं. पाण्याची रेघ म्हणजे त्यांनी दुपारी खाल्ल्या-प्यायल्याची पातळी. छातीतली नळी घातली असती तर ती थेट जठरात घुसली असती आणि जठरातलं आम्ल फुप्फुसाभोवती पसरलं असतं. जे दुखणं सावकाश, ठरवून दुरुस्त करता येणार होतं, त्याची त्याच रात्री जिवावरची आणीबाणी झाली असती.

अकरा वर्षांपूर्वी

गाडी चालवताना समोरून धडक बसली होती. स्टिअरिंग छातीच्या आणि पोटाच्या मध्ये आदळलं होतं. डाव्या बाजूच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या बरगड्या मोडल्या होत्या, कमरेच्या हाडालाही तडा होता. चार दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. त्यानंतर हाडं जुळली, ते घरी गेले, कामाला लागले. जुने कागद त्यांच्या पत्नीने पिशवीत जपून ठेवले होते, ते सगळे वाचले. श्वासपटलाचा उल्लेख कुठेही नव्हता.

यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. श्वासपटलाची जखम पहिल्या दिवशी निसटते याची कारणं शरीरातच आहेत. रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना यंत्र छातीत दाबाने हवा भरत असतं. हा दाब पोटातल्या अवयवांना वर सरकू देत नाही. फट असते, पण तिच्यातून काही वर आलेलं नसतं, म्हणून फोटोत काही दिसत नाही. व्हेंटिलेटर निघतो, रुग्ण स्वतः श्वास घ्यायला लागतो आणि तिथून अवयवांचं सरकणं सुरू होतं. शिवाय इतक्या मोठ्या अपघातात सगळ्यांचं लक्ष रक्तस्रावाकडे, डोक्याकडे आणि हाडांकडे असतं, आणि तिथेच असायला हवं. पण खालच्या डाव्या बरगड्या आणि कमरेचं हाड एकाच वेळी मोडलंय, असं कागदावर दिसलं की श्वासपटलाबद्दल शंका घेतलीच पाहिजे. दोन टोकांची हाडं मोडणारा दाब मधल्या पडद्याला सोडून जाईल, असं मानायला आधार नसतो.

डाव्या बाजूची फट जास्त वेळा लक्षात येते. उजवीकडे यकृताची भरीव गादी श्वासपटलाला खालून टेकलेली असते. ती धक्का झेलते आणि फट पडलीच तर ती बुजवूनही धरते. डावीकडे असा आधार नाही. जठर, मोठं आतडं, प्लीहा आणि ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पांघरुणासारखी लोंबणारी चरबीची झालर, हे सगळं हलतं-सरकतं आहे. त्यात डाव्या घुमटाचा मागचा-बाहेरचा भाग मुळातच थोडा कच्चा. बोथट माराने फाटतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आता प्रश्न असा की एवढी वर्षं ती फट भरली का नाही? कातडी भरते, हाड जुळतं, यकृताची जखमसुद्धा भरते. श्वासपटलाची भरत नाही, कारण त्याला एक क्षणही विश्रांती नाही. मिनिटाला १२ ते २० वेळा ते खाली-वर होतं आणि प्रत्येक वेळी फटीच्या कडा एकमेकींपासून दूर खेचल्या जातात. त्याहून मोठं कारण दाबाचं. छातीच्या पोकळीतला दाब पोटातल्या दाबापेक्षा कमी असतो. शांत श्वास घेताना हा फरक साधारण ७ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो, आणि जोर लावून खोल श्वास घेतला तर तो १०० सेंटिमीटरच्याही वर जातो. म्हणजे छाती पोटातल्या वस्तू सतत वर ओढत असते. आधी ओमेंटमचं टोक शिरतं आणि बुचासारखं बसतं. कडा बोथट होतात, गुळगुळीत होतात, भरण्याचं काम तिथेच संपतं. मग ते बूच हळूहळू जठराला वाट करून देतं.

हे ज्ञान नवं नाही. आम्ब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १५७९ मध्ये तोफखान्यातल्या एका कप्तानाची हकिकत लिहून ठेवली आहे. गोळी लागून तो वाचला, आणि आठ महिन्यांनी पोटात कळा येऊन मेला. शवविच्छेदनात दिसलं की मोठं आतडं श्वासपटलातल्या भोकातून वर जाऊन आवळलं गेलं होतं. ते भोक करंगळीचं टोक जाईल एवढंच होतं. ही हकिकत मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, कारण तिच्यात एक उलटं वाटणारं सत्य आहे: भोक जितकं लहान, तितका आतडं आवळण्याचा धोका जास्त. मोठ्या फटीतून अवयव वर जातात आणि सहज परतही येतात. लहान फट त्यांना गळ्याशी पकडते.

दोन वर्षं काय चाललं होतं

आमच्या रुग्णाला दोन वर्षांपासून जेवल्यावर धाप लागायची. भरपेट जेवण झालं की अर्धा-पाऊण तास बसून राहावं लागे. डाव्या कुशीवर झोपता येत नसे. मधूनच डावा खांदा दुखायचा. आधी आम्लपित्ताची औषधं झाली, मग दम्याचा पंप झाला. दोन्हींनी थोडा फरक पडल्यासारखं वाटे आणि पुन्हा पहिल्यासारखं. एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगायला लाज वाटत होती. रात्री शांत पडलं की छातीत गुडगुड ऐकू यायची. त्यांच्या पत्नीलासुद्धा यायची.

मी स्टेथोस्कोप डाव्या छातीवर, काखेच्या रेषेत खाली ठेवला. श्वासाचा आवाज जवळजवळ नाही. थोडं थांबलो. मग आतडं सरकल्याचा तो ओळखीचा, पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज आला. निवासी डॉक्टरलाही ऐकवला. छातीवर ऐकताना आपण श्वासाची लय ऐकतो आणि लगेच पुढच्या जागी सरकतो. आतड्याचा आवाज ऐकायचा तर एकाच जागी अर्धा मिनिट तरी थांबावं लागतं.

डाव्या खांद्याच्या दुखण्याचं उत्तरही इथेच होतं. श्वासपटलाला चालवणारी फ्रेनिक मज्जातंतू मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते. खांद्याच्या कातडीच्या संवेदनाही तिथूनच जातात. श्वासपटल चिडलं की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय.

सीटी स्कॅनमध्ये चित्र स्वच्छ झालं. डाव्या घुमटाच्या मागच्या-बाहेरच्या भागात साधारण ६ × ४ सेंटिमीटरची फट. तिच्यातून जठराचा बराच भाग, आडव्या मोठ्या आतड्याचा एक वळसा आणि ओमेंटम वर गेलेलं. फटीतून जाताना जठराला कंबर आवळल्यासारखा खाचा पडला होता. जठराच्या आणि आतड्याच्या भिंतींना रक्तपुरवठा चांगला होता, कुठे सूज नव्हती, आवळल्याची खूण नव्हती. म्हणजे घाई करायची नव्हती, पण महिनोन्महिने थांबायचंही नव्हतं. आम्ही नाकातली नळी ठेवून जठर रिकामं केलं, चार दिवस श्वासाचे व्यायाम करून घेतले आणि पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया ठरवली.

छातीतून की पोटातून

यावर आमच्यात चांगलीच चर्चा झाली. जुन्या फटीसाठी छातीच्या बाजूने जावं ही परंपरेने चालत आलेली शिकवण आहे आणि तिला ठोस कारण आहे. वर्षानुवर्षं छातीत राहिलेले अवयव फुप्फुसाला आणि छातीच्या भिंतीला चिकटलेले असतात. ते सोडवायचे तर छातीतून समोर दिसतात, पोटातून ओढत बसावं लागतं. ताज्या जखमेत उलट. तिथे पोटातल्या इतर अवयवांची तपासणीही करायची असते, चिकटणं झालेलं नसतं, म्हणून पोटातून जाणं सोयीचं.

मी पोटातून जायचं ठरवलं. सीटीमध्ये जठराच्या वरच्या बाजूला फुप्फुसाशी एक पातळ मोकळी जागा दिसत होती, म्हणजे ते सगळीकडून चिकटलेलं नसावं. खाली आणलेलं आतडं आणि जठर संपूर्ण तपासायचं होतं, आणि ते पोटातूनच नीट होतं. आणखी एक कारण, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं: पोटातून गेलं तर एकाच फुप्फुसावर श्वास चालवावा लागत नाही. दोन वर्षं दबलेल्या डाव्या फुप्फुसाच्या माणसाला ते जड गेलं असतं. पण मनाची तयारी दोन्हीची ठेवली. रुग्णाची डावी बाजू उशीने उचलून थोडी तिरकी ठेवली, छातीची डावी बाजूही स्वच्छ करून कापडं लावली, म्हणजे गरज पडली तर कूस न बदलता छातीत दुर्बीण घालता येईल.

आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "दुर्बिणीनेच होईल ना डॉक्टर?"

"प्रयत्न दुर्बिणीचाच आहे. पण आत चिकटलेलं जास्त निघालं तर मी पोट उघडीन, आणि तो माझा पराभव नसेल, तुमच्या आतड्याची काळजी असेल. तुम्ही उठाल तेव्हा चिरा लहान आहे की मोठा, याच्यावर मन लावू नका." ते हो म्हणाले. हे बोलणं आधी झालेलं असलं की शस्त्रक्रियेत सर्जनचा हात मोकळा राहतो. दिलेल्या शब्दाखातर दुर्बीण धरून बसण्यात आतडी फाटतात.

गॅस

आता या प्रकरणाचा गाभा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. नेहमीचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पारा. पोट ही बंद पिशवी आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. इथे पिशवीच फाटलेली होती. १२ मिलिमीटर पारा म्हणजे १६ सेंटिमीटर पाण्याचा दाब. तो सरळ छातीच्या त्या पोकळीत जाणार, जिथे निसर्गाने उणा दाब ठेवला आहे.

भूलतज्ज्ञांशी हे आदल्या दिवशीच बोललो होतो. त्यांनी नायट्रस ऑक्साइड वापरलं नाही, कारण तो वायू आतड्यात शिरून त्याला फुगवतो. भूल देताना मास्कने हवा दाबली नाही, छातीतलं जठर फुगू नये म्हणून झटपट श्वासनलिकेत नळी घातली. दाब आम्ही १० वर ठेवून सुरुवात करायचं ठरलं होतं.

पहिली दहा मिनिटं छान गेली. नाभीच्या थोडं वरून ३० अंशांची दुर्बीण, डाव्या बरगड्यांखाली दोन छिद्रं, एक छातीच्या हाडाच्या टोकाखाली यकृत उचलायला, एक उजवीकडे. टेबलाचं डोकं वर केलं. ओमेंटम एका दोरखंडासारखं वर जाताना दिसलं आणि त्याच्या मागे फटीची पांढरट, जाड, गोल झालेली कड. मी दाब १२ वर न्यायला सांगितला, कारण मागची कड दिसत नव्हती. ही चूक माझी. दोन मिलिमीटरचाच प्रश्न होता, पण या पोटात दोन मिलिमीटरला किंमत होती.

ओमेंटमची बाहेरची कड थोडी सुटली आणि जणू बूच निघालं. पडद्यावर दिसलं की श्वासपटलाचा डावा घुमटच खाली फुगून येतोय, आमच्याकडे. त्याच वेळी भूलतज्ज्ञांचा आवाज आला, "दाब वाढतोय." श्वासमार्गातला दाब २१ वरून ३६ वर गेला होता. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढत होता. मग वरचा रक्तदाब ११० वरून ७४.

"गॅस बंद करा. सगळा बाहेर सोडा."

नळ बंद केला, छिद्रांतल्या सगळ्या नळ्यांच्या झडपा उघडल्या. पोट सपाट झालं. खोलीत कुणी बोललं नाही. फक्त मॉनिटरचा आवाज. काय झालं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं: गॅस छातीत शिरून फुप्फुस दाबत होता, छातीचा मधला भाग उजवीकडे ढकलत होता, हृदयाकडे परतणारं रक्त अडवत होता.

अशा वेळी छातीत नळी घालून गॅस काढायचा हा प्रतिक्षिप्त विचार असतो. पण जठर आणि आतडं अजून छातीतच होतं. आंधळेपणाने नळी घालणं म्हणजे चार दिवसांपूर्वी वाचलो त्याच चुकीत पुन्हा शिरणं. इथे गॅस शिरण्याची वाट हीच गॅस निघण्याची वाट होती. पोटातला दाब गेला की छातीतलाही त्याच फटीतून परत येणार. भूलतज्ज्ञांनी फुप्फुसात श्वासाच्या शेवटी थोडा दाब शिल्लक ठेवला, म्हणजे फुप्फुस आतून गॅसला बाहेर ढकलेल. तीन मिनिटांत रक्तदाब १०० वर आला. श्वासाचा दाब २३.

दहा मिनिटं थांबलो. पुन्हा सुरुवात केली ती ८ मिलिमीटरवर, गॅसचा वेगही कमी. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ८ च्या वर एकदाही गेलो नाही. जागा कमी मिळाली, पण जी मिळाली तिच्यात काम झालं. आणि एक जमेची बाजूही होती: छातीत आणि पोटात आता दाब सारखा झाला होता, त्यामुळे छातीची ओढ संपली होती. अवयव सोडवले की खाली येत होते, वर परतत नव्हते.

सोडवणं

पुढचा दीड तास यातच गेला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लोकांना टाके दिसतात, पण श्वासपटलाच्या जुन्या फटीत खरं काम टाक्यांच्या आधीचं असतं. अशा फटीला बहुतेक वेळा पिशवीचं अस्तर नसतं, म्हणून अवयव थेट फुप्फुसाशी असतात.

ओमेंटम फटीच्या पुढच्या कडेला घट्ट धरून बसलं होतं. ते अल्ट्रासॉनिक चाकूने कडेला न लागता थोडं थोडं सोडवलं. जठर त्यानंतर तीन-चार हलक्या ओढींत आलं. चिमट्याचे दात जठराला लावायचे नाहीत, दोन्ही हातांत बोथट चिमटे, आणि एक हात सोडताना दुसरा धरलेला. आतड्याने मात्र अडवलं. फटीच्या गळ्याशी ते दुमडून बसलं होतं. ओढलं की पांढरं पडत होतं. आतडं पांढरं पडलं की ओढणं तिथेच थांबवायचं.

मग फटच मोठी केली, बाहेरच्या बाजूला दीड सेंटिमीटर, छातीच्या भिंतीच्या कडेला समांतर. फ्रेनिक तंतूच्या फांद्या मध्यातून बाहेरच्या दिशेने किरणांसारख्या पसरतात. चिरा त्यांना आडवा आणि मध्याजवळ गेला तर घुमटाचा एक भाग कायमचा लुळा पडू शकतो. कडेच्या जवळ राहून कडेला समांतर गेलं तर मोठ्या फांद्या वाचतात. दीड सेंटिमीटरने काम झालं. आतडं आपलं आपण सैल झालं आणि खाली घसरलं. त्याच्या वरच्या आवरणाला सेंटिमीटरभर ओरखडा निघाला, आतला पदर शाबूत होता. तिथेच दोन टाके घातले.

मग दुर्बीण फटीतून वर, छातीत नेली. ओमेंटमचा एक पट्टा फुप्फुसाच्या खालच्या टोकाला चिकटला होता, तो फुप्फुसाच्या बाजूला थोडी चरबी ठेवूनच कापला. फुप्फुसाला ओरखडा पडला की हवा गळत राहते. त्याच्यापुढे हृदयाचं आवरण दिसत होतं आणि त्याच्यामागचं हृदय प्रत्येक ठोक्याला हलताना दिसत होतं. निवासी डॉक्टर कॅमेरा धरून होती. तिला म्हटलं, "हे नीट बघून ठेव. आता टाके घालताना हे आपल्या सुईपासून किती लांब आहे ते लक्षात राहील."

आता छातीत काही उरलं नव्हतं. तेव्हा, आतून डोळ्यांनी बघत, छातीतली नळी घातली. चार दिवसांपूर्वी उघडलेल्या त्या ट्रेमधली नळी शेवटी लागली, पण तिच्या वेळेला. भूलतज्ज्ञांना डावं फुप्फुस अगदी सावकाश फुगवायला सांगितलं. फार काळ दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यात पाणी भरू शकतं. ते गुलाबी होत, एकेक भाग उघडत वर येताना दिसलं. इतकी वर्षं हे काम करूनही त्या दृश्याने मी प्रत्येक वेळी हात थांबवतो.

बंद करणं

कडा खरवडून ताज्या कराव्यात असं काही जण मानतात. मी फार कापत नाही. जुनी जाड कड टाका चांगला धरते, तिच्या आतला मऊ स्नायू टाक्याने चिरतो. न विरघळणारा वेणीचा पॉलिएस्टर धागा, सुटे टाके, कडेपासून सेंटिमीटरभर आत घेतलेले. दोन्ही टोकांपासून मध्याकडे येत गेलो, म्हणजे ताण वाटला जातो. गाठ बांधताना प्रत्येक वेळी गॅस ६ वर आणला. दाब उतरला की घुमट सैल पडतो आणि कडा स्वतःहून जवळ येतात. नऊ टाके झाले. शेवटचे दोन हृदयाच्या बाजूचे होते. तिथे सुईचं टोक पूर्णवेळ दिसत नसेल तर टाका घालायचाच नाही, मागे घ्यायचा.

शिवलेल्या फटीवर आधाराला कृत्रिम जाळी लावायची की नाही यावर माझा सहकारी आणि मी टेबलावरच वेगळे पडलो. त्याचं म्हणणं, इतक्या जुन्या फटीला आधार हवा. मला वाटत होतं कडा ताणाशिवाय जुळल्या आहेत, स्नायू टाका धरतोय, आणि आतड्यावर नुकतेच टाके पडले आहेत. अशा पोटात परकी वस्तू ठेवावीशी वाटली नाही. जाळी लावली नाही. फट याहून मोठी असती किंवा गाठ बांधताना कडा कापल्या जात असत्या, तर मीच मागितली असती. पण लावली असती तरी टाक्यांनीच शिवली असती. जाळी बसवायला पिनांसारखे टॅकर असतात, ते झटपट काम करतात. श्वासपटल काही मिलिमीटरचं, त्याच्या पलीकडे हृदयाचं आवरण. टॅकर आरपार जाऊन हृदयाला इजा झाली आणि आवरणात रक्त साचून रुग्ण दगावले, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दहा मिनिटं वाचवण्यासाठी तो धोका घेण्याजोगा नाही.

साडेतीन तास लागले. पोट उघडावं लागलं नाही.

नंतर

पहिल्याच संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला, डाव्या फुप्फुसाचा तळ नीट उघडला नव्हता. फुंकायच्या यंत्राचा व्यायाम दर तासाला करून घेतला, वेदनाशामक कमी पडू दिलं नाही. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि खोल श्वास घेत नाही म्हणून ताप येतो, हे चक्र औषधानेच तोडावं लागतं. उलटी होऊ नये याची औषधं पहिल्या तासापासून चालू ठेवली होती. ओकारीच्या एका उमाळ्यात पोटातला दाब एवढा उसळतो की ताजा टाका सुटू शकतो. तिसऱ्या दिवशी छातीतली नळी काढली. सहाव्या दिवशी ते घरी गेले. सहा आठवडे जड उचलायचं नाही, एवढी एकच कडक ताकीद दिली. जेवण थोडं थोडं, चालणं रोज.

डावा खांदा आठवडाभर दुखला. त्यांना वाटलं जुनं परत आलं. गॅसने आणि टाक्यांनी श्वासपटल चिडलंय, तीच मज्जातंतू, तोच खांदा, असं पुन्हा समजावलं.

सहा महिन्यांनी सोनोग्राफीत बघितलं. डावा घुमट हलत होता, उजव्याइतका नाही, पण हलत होता. एक्स-रेवर डावं फुप्फुस खालपर्यंत भरलेलं. जठर आपल्या जागी. वर्षाने एकदा सीटी करायचं ठरलं, कारण जुन्या फटीचे टाके सुटले तर सुरुवातीला लक्षणं दिसत नाहीत.

मी स्टेथोस्कोप त्याच जागी, काखेच्या रेषेत खाली ठेवला आणि अर्धा मिनिट थांबलो. श्वासाचा आवाज येत होता, दुसरं काही नाही.

त्यांच्या पत्नीने विचारलं, "ऐकू येतंय का अजून काही?"

"नाही. रात्री तुम्हाला येतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आता ते डाव्या कुशीवरच झोपतात."